बाहेर पडताना घ्यायचा कोट

दारातल्या टपालाच्या फटीवरची पितळी झडप वाजली. खट्. एवढाच आवाज, पण घर इतकं निवांत झालं होतं की तो माझ्या पाठीच्या कण्यातून खाली उतरला. एलोडी माझ्या खांद्यावर नुकतीच झोपली होती. तिच्या तोंडाला दुधाचा आंबूस वास होता आणि तिचा श्वास माझ्या मानेवर एकाच जागी गरम पडत होता. पाळण्यात ठेवली की उठेल म्हणून मी दारामागच्या बोळकांडीत तशीच उभी होते, या पायावरचा भार त्या पायावर टाकत. थोरली विनी जेवणाच्या टेबलाखाली पालथी पडून चित्र काढत होती. तिच्या खडूची खरखर थांबली. "मम्मा, पत्र पडलं," ती कुजबुजली. विनीचं कुजबुजणं म्हणजे इतरांचं बोलणंच. ती पाच वर्षांची आहे. एलोडीनं खांद्यावर तोंड घासलं, उसासा टाकला आणि पुन्हा झोपली. मी गुडघ्यात वाकून, पाठ ताठ ठेवून, पाण्यानं भरलेली घागर घेऊन वाकावं तशी वाकले आणि दोन बोटांनी ते कार्ड उचललं.

कार्डावर झेंडा होता, त्यामागे डोंगर होते, आणि मागच्या बाजूला छापील अक्षरांत पण शाईनं लिहिल्यासारखं लिहिलं होतं: प्रिय कोरीन, तू आपल्यातली आहेस. नोव्हेंबरमध्ये आपलं सगळं कुटुंब एकत्र उभं राहणार आहे. खाली रेमीच्या पक्षाचं नाव. रेमी माझा धाकटा भाऊ. मी ते वाचलं, पुन्हा वाचलं आणि मग पत्ता पाहिला. वाटलं, टपालवाल्यानं चुकून आमच्या दारात टाकलं असेल. पत्ता आमचाच होता. नाव माझंच होतं. 'आपल्यातली' या शब्दाशी माझी नजर अडखळली, स्वेटरचा धागा खिळ्याला अडकावा तशी. आणि मग तो धागा उसवतच गेला. मी कोट विसरले होते. पाच आठवडे झाले होते आणि माझ्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं.

आमच्या राज्यात माझ्यासारख्यांना 'अघोषित' म्हणतात. टीव्हीवाले 'स्वतंत्र मतदार' म्हणतात, त्यात काहीतरी डोंगरावरच्या वाऱ्यासारखं वाटतं. पण मतदारयादीत नावापुढे लिहिलेलं असतं ते अघोषित. सीमेवर सामान तपासताना न सांगितलेली वस्तू असावी तसं. ना या पक्षाचे, ना त्या पक्षाचे. दहातले चार जण आम्ही. पूर्वी आम्हाला कुणी विचारत नसे. आई म्हणायची, आम्ही म्हणजे लग्नातले तिऱ्हाईत, जेवून जा एवढंच. आता मात्र दोन्हीकडच्या मांडवांत आमचीच वाट बघतात. यंदा ऑगस्टपासून आमच्या दाराची घंटा दिवसातून तीन-तीन वेळा वाजत होती. हातात फळी, फळीला यादी, छातीवर बिल्ला. परराज्यातली कॉलेजची पोरं, निवृत्त शिक्षिका, एकदा तर दोन्ही पक्षांचे लोक एकाच वेळी पायऱ्यांवर, एकमेकांना 'तुम्ही आधी' म्हणत. ओवेन, माझा नवरा, विजेच्या खांबांवर काम करतो, संध्याकाळी हातमोजे काढत तो म्हणायचा, "अख्खा देश तुझ्या पदराला टांगलाय, आणि तू बसलीस बाळाच्या ढेकरेची वाट बघत." मी घंटेवर कागद चिकटवला, बाळ झोपलंय. मग लोक बोटाच्या पेरांनी हळूच टकटक करायला लागले, आणि तो हळू आवाज घंटेपेक्षाही दचकवणारा होता. गेले अडीच आठवडे मात्र कुणीच आलं नव्हतं. मला वाटत होतं कागदाचा उपयोग झाला. एलोडी दुपारची सलग दोन तास झोपायला लागली होती आणि त्या दोन तासांत मी काय करत होते तर काहीच नाही; खिडकीशी बसून ती शांतता नुसती अंगाला लावून घेत होते. आता कळलं की ती शांतता नव्हतीच. त्यांच्या याद्यांतून माझं नाव उडालं होतं.

आणि पपा. दहा दिवसांपूर्वी मी खिडकीशी एलोडीला पाजत होते, तेव्हा रस्त्यावर पपा दिसले. तपकिरी कॉर्डरॉयची टोपी, हातात फळी. पपा चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. जोड्यांच्या कारखान्यात होते, तो बंद पडल्यावर शाळेत साफसफाईचं काम केलं, आणि या सगळ्या काळात दर दोन वर्षांनी ऑक्टोबरात ते आपल्या पक्षासाठी दारोदार फिरत आलेत. ज्यांचं मन ठरलेलं नाही अशांची यादी पक्ष त्यांना देतो. त्या यादीत मी असायचेच. आणि दर वेळी पपा माझ्या दाराशी आले की टोपी काढायचे, घसा साफ करायचे आणि अगदी परक्या माणसासारखे म्हणायचे, "नमस्कार बाईसाहेब. मी याच वस्तीतला एक म्हातारा. आपलं मन अजून ठरलेलं नाही असं आमच्या कागदात आहे."

"नाही हो आजोबा. ठरतंच आहे अजून."

"असं का. मग ठरेपर्यंत कॉफी मिळेल?"

मग आत येऊन विनीच्या नाकाला चिमटा, दोन कप कॉफी, आणि माझ्या नावापुढे पेन्सिलीनं एक छोटं वर्तुळ. म्हणजे पुन्हा या. त्या दिवशी मी एलोडीला एका हातानं धरून दुसऱ्या हातानं कॉफी टाकली. पपा डावीकडच्या मिसेस पापस यांच्या पायऱ्या चढले. तिथं बराच वेळ बोलले. मिसेस पापस त्यांना सोडत नाहीत, त्यांना ऐकायला कुणी नाही. मग खाली उतरले. फळीवरच्या कागदाकडे पाहिलं. आणि आमच्या पायऱ्यांसमोरून, मान वर न करता, पुढे उजवीकडच्या घरी गेले. मला वाटलं, आमचं घर शेवटी ठेवलं असेल, निवांत बसायला. मी दोन कप मांडले. कॉफीवर साय धरली. पपा कोपऱ्यावरून वळले ते मला दिसले, त्यांचा डावा खांदा नेहमीसारखा थोडा खाली झुकलेला. संध्याकाळी फोन केला तर म्हणाले, "गुडघा बोलत होता गं. लवकर घरी गेलो." त्या रविवारी ते जेवायला आले नाहीत, गुडघ्यामुळे. त्याच्या आदल्या रविवारी सर्दी होती. तीन वर्षांत पपांनी एकही रविवार चुकवला नव्हता, हिमवादळातसुद्धा, आणि मी सर्दीवर विश्वास ठेवला होता.

कोट हा शब्द आईचा. मी पहिल्यांदा मत द्यायला निघाले तेव्हा तिनं मला सांगितलं होतं. सप्टेंबरात दोन्ही पक्ष आपापले उमेदवार निवडतात, त्या मतदानाला आम्हा अघोषितांनाही जाता येतं. पण दारातल्या बाईला मोठ्यानं सांगावं लागतं, कुठल्या पक्षाची मतपत्रिका हवी. घेतली की त्या क्षणापासून तुम्ही त्या पक्षाचे, यादीतसुद्धा. बाहेर पडताना एक टेबल असतं, तिथल्या कागदावर सही केली की पुन्हा अघोषित. नाही केली तर तिथलेच राहता. आई तरुणपणी चर्चच्या तळघरात नाचायला जायची, तिथं दाराशी कोट काढून द्यावा लागे. ती म्हणाली होती, "नाचताना कुणाच्याही हातात हात दे. पण घरी येताना आपला कोट आपल्या अंगावर हवा. कोट मागे राहिला की लोक म्हणतात, ही इथंच राहणार." मग दर मतदानानंतर ती फोनवर तेवढंच विचारायची: "कोट घेतलास ना?" कुणाला मत दिलं हे नाही, कुठली पत्रिका घेतली हेही नाही. कोट. यंदा तो फोन आला नाही. तिला जाऊन तीन वर्षं झाली.

पपा आणि रेमी यांचं बिनसलं ते आईच्या अंत्यविधीच्या दिवशी. चर्चच्या तळघरात, म्हणजे ती जिथं नाचायची तिथंच, अंड्याच्या सँडविचच्या टेबलाशी. कुणीतरी पपांचं सांत्वन करत होतं आणि पपा म्हणाले, "माझी रोलांद शेवटपर्यंत माझ्याबरोबर होती. सगळ्यातच. मतातसुद्धा." रेमी हातात ताटली घेऊन उभा होता. त्याच वर्षी त्याच्या कारखान्यातली त्याची पाळी बंद झाली होती आणि तो पलीकडच्या पक्षात गेला होता, नवा बाटलेला जसा जातो तसा. तो म्हणाला, "हे तुम्हाला कुणी सांगितलं? आई माझ्याबरोबर होती. दवाखान्यात मला म्हणाली."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, रेमी, तुझं बरोबर आहे."

"अरे, ती सगळ्यांनाच तसं म्हणायची!" पपा ओरडले. कॉफीच्या भांड्याखालची ज्योत तेवढी फुरफुरत होती. मला हसू आलं आणि त्या हसण्याची मला आजवर लाज वाटते, कारण ते पपांचं आईबद्दलचं सगळ्यात खरं वाक्य होतं.

तेव्हापासून ते दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. पण रविवारी माझ्या टेबलावर जेवतात. माझ्याच टेबलावर, कारण ते कुणाच्याच बाजूचं नाही. "कोरीन, तुझ्या भावाला सांग, मीठ माझ्याकडे नाही." "कोरी, पपांना सांग, मीठ त्यांच्याच कोपराला टेकलंय." विनी उठते, मीठ उचलते आणि दोन हातांत धरून टेबलाला वळसा घालते, मिरवणुकीत पुढे चालावं तशी. तिला ते आवडतं. तिला वाटतं सगळ्याच घरांत मीठ असंच फिरतं. मी मांस कापते, दोघांना सारखे तुकडे वाढते, कुणाच्या विनोदाला किती हसायचं ते मनात तोलते. ओवेन एकदा म्हणाला होता, "आणि तुला स्वतःला काय वाटतं? मला तरी सांग." मी म्हटलं, "मला वाटतं मांस जरा करपलं." तो हसला नाही. त्या रात्री बराच वेळ मी स्वतःच्या आत शोधत होते की मला खरंच काय वाटतं, आणि आत एक स्वच्छ झाडलेली खोली होती, पाहुण्यांसाठी ठेवतात तशी, जिच्यात कुणी राहत नाही.

आईचं मात्र मला एक ठाऊक आहे जे त्या दोघांना ठाऊक नाही. मी नऊ वर्षांची होते. शाळेच्या व्यायामशाळेत मतदान होतं, घामट लाकडाचा आणि ओल्या बुटांचा वास होता. आई पट्ट्यापट्ट्यांच्या पडद्यामागे गेली आणि बाहेर येईना. पडद्याखाली तिचे बूट दिसत होते, शाळेच्या भटारखान्यात घालायचे पांढरे, पिठाचे डाग पडलेले. रांगेतली माणसं खोकायला लागली. मी पडदा उचलून आत डोकावले. आई फळीला टेकून उभी होती, हातात पेन्सिल, डोळे मिटलेले. समोरची पत्रिका कोरी. तिनं डोळे उघडले, मला पाहिलं, ओठांवर बोट ठेवलं आणि पुन्हा मिटले. घरी जाताना पुलावर वाऱ्यानं आमचे स्कार्फ उडत होते, खाली मेरिमॅक फुगून वाहत होती, तेव्हा मी विचारलं, "तू कुणाला मत दिलंस?" ती म्हणाली, "त्या पडद्याआड कुणी हाक मारत नाही गं, कोरीन. वर्षातून एकदा-दोनदा तेवढंच." मला तेव्हा काही कळलं नाही. आता कळतं. आता मी न्हाणीघराचं दार लावून नळ सोडते आणि टबाच्या काठावर नुसती बसते, तेव्हा बाहेरून विनी दारावर टिचक्या मारत असते आणि मला आईचे पिठाळलेले बूट दिसतात. तळघरात ते दोघं ज्या मतासाठी एकमेकांवर ओरडले ते मत कदाचित नव्हतंच. मी त्यांना हे कधी सांगितलं नाही. कुठल्या तोंडानं सांगायचं की ती तुमच्या दोघांबरोबर नव्हती, ती फक्त दमली होती?

आणि मी आईसारखी असते तर आज बरं झालं असतं. पण सप्टेंबरातल्या त्या मंगळवारी मी डोळे मिटले नाहीत. एलोडी छातीशी बांधलेली, विनीनं माझ्या खिशाला धरलेलं. टेबलामागच्या बाईनं चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "कुठली देऊ?" आणि मी रेमीच्या पक्षाचं नाव घेतलं. स्वतःच्या आवाजात ते नाव ऐकून माझे कान तापले. मागे रांगेत कोण आहे हे मी पाहिलं नाही. मी ते का केलं हे मला स्वच्छ माहीत होतं. त्या पक्षातून दोघं उभे होते. एक रेमीचा माणूस, ज्याच्या पाट्या रेमीच्या गाडीच्या मागे ठासून भरलेल्या असायच्या. तो माणूस टीव्हीवर हसायचा तेव्हा मला एलोडीला कुशीत ओढून घ्यावंसं वाटायचं; याहून शहाणं कारण माझ्याकडे नाही. दुसरी एक निवृत्त शिक्षिका, उंच, थोडी पोक काढून चालणारी. पपांच्या पक्षात चुरस नव्हतीच. म्हणून मी रेमीच्या दारानं आत गेले, आणि आत जाऊन रेमीच्या माणसाविरुद्ध खूण केली. शिक्षिकेच्या नावापुढचं ते लहान वर्तुळ मी काळं केलं, नीट, कडेला पेन्सिल जाऊ न देता, विनीला रंगवायला शिकवते तसं. त्या क्षणी आत कुठंतरी त्या पाहुण्यांच्या खोलीत दिवा लागल्यासारखं झालं. माझं मन ठरलेलं होतं. केव्हापासून ठरलेलं होतं, कोण जाणे. मला इतका आनंद झाला की भीती वाटली.

मग विनी म्हणाली, "मम्मा, शी." आत्ताच्या आत्ता. पत्रिका यंत्रात सरकवली तोच एलोडीनं माझ्या गळ्यावर दूध काढलं. स्वच्छतागृह मागच्या दाराशी होतं. विनीला बसवलं, एलोडीला पुसलं, स्वतःला पुसलं, आणि मागच्याच दारानं थेट गाडीकडे गेलो. सही करायचं टेबल पुढच्या दाराशी होतं. गाडीत विनी म्हणाली सुद्धा, "आपण आलो त्या दारानं नाही गेलो." मी म्हटलं, "हो गं राणी, हे जवळचं." दुसऱ्या दिवशी शिक्षिका थोड्या मतांनी पडली. टीव्हीवरची बाई म्हणाली, यंदाही निकाल अघोषितांनीच लावला. पपांनी फोनवर कुत्सितपणे विचारलं, "काय मग अघोषित बाईसाहेब, लावलात निकाल?" आणि मी हसले. तेव्हा त्यांच्या हातात अजून नवी यादी आली नव्हती.

रेमीला मात्र कुठूनतरी लवकर कळलं असणार. गेल्या रविवारी तो एलोडीसाठी बूट घेऊन आला, माझ्या अंगठ्याएवढे, तांबडे, लेसवाले. अजून रांगतही नाही ती. पपांची खुर्ची रिकामी होती, मीठ कुणी मागितलं नाही, विनीला चुकल्यासारखं झालं होतं. जेवणानंतर रेमीनं बाह्या सारून सगळी भांडी घासली. रेमीनं. ज्यानं आईच्या घरात कधी चमचा विसळला नाही. जाताना दारात उभा राहिला, माझ्या डोक्यावर हात ठेवला, लहानपणी मी त्याच्या डोक्यावर ठेवायचे तसा, आणि म्हणाला, "बरं वाटतं गं, कोरी."

"काय बरं वाटतं?"

"असंच. घरात आपलं कुणीतरी आहे म्हणून."

त्याचे डोळे ओले होते. मला वाटलं, एकटा राहतो, आईची आठवण आली असेल. मी त्याच्या कोटाची कॉलर नीट केली. आता ते कार्ड हातात धरून बोळकांडीत उभी असताना तोच हात मला परका वाटत होता. एकाचं प्रेम मला चुकून मिळालं होतं आणि दुसऱ्याचं चुकून गेलं होतं. यादीत कुठल्या दारानं गेले ते लिहिलेलं असतं, आत काय केलं ते नाही. मिळालेलं परत केल्याशिवाय गेलेलं मागता येत नव्हतं.

मी एलोडीला तशीच झोपलेली बाबागाडीत घातली, विनीला जाकीट चढवलं आणि पपांच्या घराकडे निघाले. दोनच गल्ल्या. मेपलची पानं पायाखाली कुरकुरत नव्हती, सकाळच्या पावसानं चिकट झाली होती. घरोघरी अंगणात पाट्या उभ्या होत्या, आमच्याच अंगणात नव्हती. चालता चालता मला ते उघडं अंगण दात पडलेल्या तोंडासारखं आठवत राहिलं. "मम्मा, पेपेरकडे कशाला?" विनी म्हणाली. पेपेर म्हणजे तिचे आजोबा; आमच्याकडे अजून तसंच म्हणतात. मी म्हटलं, "मम्मा एकदा कोट विसरली, ते सांगायला." "शाळेत?" "हो, त्या मतदानाच्या शाळेत." ती विचारात पडली आणि पानं लाथाडत चालू लागली.

पपा पुढच्या ओसरीवर बसले होते, मांडीवर फळी. दारातून घेवड्याचा वास येत होता. शनिवारी ते आईच्याच मातीच्या भांड्यात गूळ आणि डुकराची चरबी घालून सकाळपासून घेवडा शिजत ठेवतात, एकट्यासाठी, आठ माणसांचा. मी पायरीपाशी थांबले. घसा साफ केला. म्हटलं, "नमस्कार आजोबा. मी याच वस्तीतली एक बाई. आपलं मन ठरलेलं आहे असं आमच्या कागदात आहे."

पपा हसले नाहीत. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "बस," ते म्हणाले. "बाळाला वारा लागेल तिथं. इकडे घे."

"मी कोट विसरले, पपा. विनीला घाई होती, मागच्या दारानं गेलो."

"कळलं मला ते. तुझं नाव दिसेना तेव्हा मी यादी दोनदा वाचली. म्हटलं, छापणाऱ्यानं खाल्लं असेल. मग पक्षातल्या पोराला विचारलं. त्यानं यंत्रात बघून सांगितलं, आजोबा, ही त्यांची." ते फळीच्या चिमट्याशी खेळत राहिले, खट्, खट्. "मी म्हटलं, ही माझी."

"सोमवारी कचेरीत जाऊन सही करते. होईल पुन्हा पहिल्यासारखं."

"यादी होईल," ते म्हणाले. "कोट विसरलीस, ठीक. बायामाणसांच्या मागे हजार व्याप. पण आत गेलीस ते त्यांच्याच दारानं ना? ती पत्रिका कुणी तुझ्या हातात कोंबली नव्हती."

"नाही."

"मग?"

माझ्या तोंडात ते नाव तयार होतं, शिक्षिकेचं, दोन शब्दांचं, जिभेवर खडीसाखरेसारखं. पपा पुढे झुकले. त्यांच्या डोळ्यांत एकदम असं काही आलं की मी लहान असताना पडल्यावर ते धावत येत तेव्हाचे ते वाटले. हळूच म्हणाले, "तुझ्या आईला मी अठ्ठेचाळीस वर्षांत कधी विचारलं नाही. तुलाही विचारत नव्हतो. पण आता एक नाव सांग मला, पोरी. एकच. तुला काय वाटतं, मला दिसत नाही? तू त्या हसऱ्याला मत देणारी नाहीस. देशील का तू? तू त्याला पाडायला गेली होतीस. तेवढं म्हण. मी उद्या येतो, माझ्या खुर्चीत बसतो आणि त्या गाढवाला सांगतो, बघ, तुझी बहीण तुझ्या घरात शिरून तुझंच—"

"म्हणजे तुम्ही त्याला सांगणार."

"मग? सांगू नको?" ते खरोखरच बुचकळ्यात पडले. "तीन वर्षं मीठ मागतोय मी त्याच्याकडे."

मला तांबडे बूट दिसले. रेमीचे पाण्यात लाल झालेले हात दिसले, डोक्यावर ठेवलेला तो जड, ओला तळवा. पपांची खुर्ची भरायची तर रेमीची रिकामी करायची. आणि गप्प राहायचं तर ही समोरची टोपी, हा खाली झुकलेला खांदा माझ्या पायऱ्यांसमोरून असाच मान खाली घालून जात राहणार, या ऑक्टोबरात, पुढच्या, आणि किती ऑक्टोबर राहिलेत त्यांचे. आई असती तर म्हणाली असती, तुमचं बरोबर आहे. दोघांनाही म्हणाली असती आणि पडद्याआड जाऊन डोळे मिटले असते. मी तसं म्हणून पाहिलं, मनातल्या मनात, पण ते वाक्य माझ्या तोंडाला बसेना. त्या खोलीत दिवा लागला होता आणि आता तो विझवायचा कसा हे मला माहीत नव्हतं. एलोडी बाबागाडीत कुरकुरली. पपा वाट बघत होते. त्यांनी फळीवरची पेन्सिल उचलली होती, उगाचच, आणि ती कागदावर टेकवून धरली होती, माझं नाव जिथं असायचं तिथं.

विनी ओसरीच्या कठड्याला लोंबकळत आमचं ऐकत होती. ती खाली उतरली, माझ्यापाशी आली आणि माझी बाही ओढली.

"मम्मा, तू कोट शाळेत विसरलीस ना?"

"हो गं."

"खूप दिवस झाले ना त्याला?"

"हो."

तिनं पपांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. थंडीनं तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता.

"मग तो आता कोण घालतं?"